‘जपून ठेवलंय’ म्हणणारं बटण

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईलाही नाही. ज्या मैत्रिणींना मी घरातली भांडणंसुद्धा तिखटमीठ लावून सांगते, त्यांच्याजवळही हे कधी ओठांवर आलं नाही. तुम्हाला सांगायला बसले आणि एवढ्यात दोनदा उठून चहा टाकून आले — म्हणजे बघा.

सोप्या भागापासून सुरुवात करते. बोईसरला नवापूर नाक्याजवळ, औषधांच्या दुकानाच्या वर, माझा कॉम्प्युटर क्लास आहे. काही वर्षांपूर्वी मी एक सॉफ्टवेअर करायला घेतलं, मोबाईलवर गेम बनवण्याचं. कोड लिहायचा नाही, इंग्रजी येण्याची गरज नाही. चित्रं ठेवायची, आवाज भरायचे, कशानंतर काय व्हावं ते मराठीत सांगायचं, की झाला तुमचा गेम. कल्पना चांगली होती. मी तिची माती केली तरी ती अजूनही चांगलीच आहे. इंटरनेटवर लोकवर्गणीचं आवाहन टाकलं आणि कुठकुठल्या मराठी माणसांनी विश्वासाने पैसे पाठवले.

त्या पानावर मी काय काय देणार होते! दोघांना दोन मोबाईलवर एकत्र खेळता येईल. आपला गेम एका लिंकवर कुणालाही पाठवता येईल. केलेलं सगळं काम आमच्या सर्व्हरवर सुरक्षित राहील, मोबाईल हरवला तरी. प्रत्येक ओळीसमोर मी लिहिलं होतं — ‘लवकरच’. ते पान अजून तिथेच आहे, शब्दही आहे.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? अशी आश्वासनं जगात कितीतरी लोक देतात आणि काखा वर करतात. खरं आहे. वर्गणी देणाऱ्यांनी आधी विचारलं, मग टोमणे मारले, मग विसरून गेले. त्यांच्यापुढे मी ओशाळी आहे, पण त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. एवढंच असतं तर कधीच कुणाला तरी हसत हसत सांगून टाकलं असतं.

मला सांगायचं आहे ते एका बटणाबद्दल.

वर्गणीदारांना दाखवायला एक व्हिडिओ करायचा होता. सर्व्हरच्या कामाला हातही लागला नव्हता, पण व्हिडिओत बटण तर दिसायला हवं. म्हणून मी नुसतं बटण केलं. दाबलं की जरा वेळ एक चक्र फिरायचं, मग हिरवी खूण, आणि खाली शब्द. ‘सेव्ह झाले’ नाही हं! त्या कोरड्या भाषेचा मला मनापासून तिटकारा. दोन दिवस डोकं खाजवून मी लिहिलं होतं — ‘जपून ठेवलंय’. आई बांगड्या कपाटात ठेवून सांगते ना, तसं. किती खूश होते मी त्या दोन शब्दांवर! मागे काही नव्हतं. कुठेही काही जात नव्हतं. व्हिडिओ झाला, आणि बटण तसंच राहिलं. विसरले का? नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, आत्ता तर होतं, गेलं कुठे?

आणि मग निर्मला आली.

निर्मला सातपाटीची. तिशीची, बोलायला चुरचुरीत, सकाळी पालघरला मासे विकायची आणि आठवड्यातून दोन दुपारी माझ्याकडे हे सॉफ्टवेअर शिकायला यायची. तिच्या वडिलांचा जन्म होडीवर गेलेला. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी समुद्र सोडला. निर्मलाला गेम करायचा होता तो त्यांचाच. खेळणाऱ्याने होडी खाडीतून बाहेर काढायची आणि वडिलांच्या आवाजाने वाट दाखवायची. इथे उथळ आहे, इथे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, इथून किनाऱ्यावरचं अमुक झाड दिसलं की वळ. “आमच्या पोरांना हे काय माईत नाय, ताई,” ती म्हणायची. “यंत्र बंद पडलं की तोंडाकडं बगत बसतात.” रोज थोडं थोडं, वडिलांचा मूड सांभाळत, दोन-तीन महिने ती त्यांचा आवाज भरत होती. प्रत्येक वेळी ते बटण दाबत होती. आणि प्रत्येक वेळी माझं सॉफ्टवेअर तिला सांगत होतं, जपून ठेवलंय.

पाहत होते ना मी? पाहतच होते. तिच्या खांद्यावरून वाकून शाबासकी देत होते.

एका दुपारी तिचा फोन आला. क्लास चालू होता. ती म्हणाली, “ताई, मोबाईल भरलाय, नवा फोटू पन येत नाय. बापसाचे आवाज काडून टाकू काय? तितं जपून ठेवलंय असं येतंय ना?”

तिने विचारलं होतं. हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे — माझ्या नकळत तिने काही केलं नाही. तिने मला विचारलं होतं. आवाज तोवर तिच्या हातात होते, शाबूत होते, सगळेच्या सगळे. मला फक्त ‘नको’ म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “टाक गं. सगळं आहे.”

असं का म्हटलं? ‘नको’ म्हटलं असतं तर तिने ‘का’ म्हणून विचारलं असतं, आणि मग बटणामागे काही नाही हे सांगावं लागलं असतं. माझ्याकडे शिकणाऱ्या बाईसमोर माझा पचका झाला असता. बस, एवढंच. त्या वेळी मी मनाशी म्हटलं होतं, या आठवड्यात सर्व्हरचं काम करून टाकू. पण करून त्यात काय ठेवणार होते मी — जे पुसायला नुकतंच मीच सांगितलं होतं, ते? फोन ठेवला आणि पुढच्या मुलीला फोल्डर कसं उघडायचं ते दाखवलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिचे वडील गेले. बाराव्याच्या आधी ती बोईसरला आली. खुर्चीच्या टोकावर बसली. म्हणाली, “आयेला ऐकवायचाय. आयेनं दोन दिस अन्नाला हात नाय लावला. बापसाचा आवाज ऐकला तर जेवंल.”

आणि मी थाप मारली. आमचं सगळं ज्या परदेशी कंपनीच्या मशीनवर होतं ते जळालं, म्हटलं. सगळ्यांचं गेलं. एक अक्षर उरलं नाही. हे बोलताना मला रडू आलं. खरं रडू होतं ते, पण त्याचा काय उपयोग? निर्मला उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. “नका रडू ताई,” म्हणाली. “आमचं एकाचंच गेलं. तुमचं तर सगळंच गेलं.”

जाताना टेबलापाशी सुक्या बोंबलांची पिशवी ठेवून गेली. आम्ही ते बोंबील खाल्ले. नवरा म्हणाला, काय सुरेख आहेत.

दुसऱ्या दिवशी मी बटण काढलं. सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की काय केलं ते एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा केल्या आहेत.’

निर्मला अजून येते. तिच्या गल्लीतल्या दोघीतिघींना तिनेच माझ्या क्लासला घातलं. “ताईंचं पन तवा जळालं,” असं ती त्यांना सांगते, आणि मी मान हलवते. आई मला दारातून ‘जपून जा’ म्हणते तेव्हा मी मागे न बघता जिना उतरते. दिवसातून किती वेळा म्हणतो हो आपण हा शब्द! दुधाचं भांडं जपून, जिना जपून, पोराला जपून. मला वाटतं कुणीतरी मुद्दाम म्हणतंय. कुणी म्हणत नसतं.

आणखी एक आहे. हे वगळून कबुली संपवावी असा विचार मघापासून चालला होता.

अगदी सुरुवातीला, बटण दाबायच्याही आधी, निर्मलाने मला नमुना म्हणून एक तुकडा पाठवला होता, असा आवाज चालेल का ते विचारायला. ती ते विसरली. मीही विसरले होते. ती येऊन गेल्यावर काही महिन्यांनी तो माझ्या जुन्या लॅपटॉपवर सापडला. एक अक्षर उरलं नाही असं मी छातीठोकपणे सांगून बसले होते. तो दिला तर कुठून आला ते सांगावं लागेल. एक सांगितलं की बाकीचं आलंच. दोनदा पेन ड्राइव्हवर घेऊन सातपाटीला गेले. एकदा ती घरी नव्हती. एकदा होती, तिने चहा केला, आम्ही तिच्या भाचीच्या लग्नाबद्दल बोललो, आणि मी परत आले.

छोटासाच तुकडा आहे. त्यात तिचे वडील सांगतात की उजव्या हाताला खडप आहे, डावीकडून काढ. मग थोडा वेळ काही नाही. आपलं बोलून झालं असं समजून ते विचारतात, “झाला काय गो? आला काय माजा आवाज?” आणि निर्मला हसून म्हणते, “आला, बाबा. आला.”

मी तो किती वेळा ऐकला ते मला सांगता येणार नाही. तिच्या आईने तो एकदाही ऐकलेला नाही.