मास्तरांनी बरोबर दिलेलं वाक्य

धर्मराज मास्तर इंग्रजी शिकवायला लागले की गावातल्या आया घरातली भांडीकुंडी आवरून ठेवायच्या. खाडीकाठच्या आमच्या शाळेत आठवड्याला एक क्रियापद, हा त्यांचा नेम. आधी हातानं, मग मनानं. सोमवारी ते क्रियापद प्रत्यक्ष करून बघायचं आणि मंगळवारी त्याचे न दिसणारे अर्थ शिकायचे. 'ब्रेक'च्या सोमवारी वर्गात चाळीस काटक्या, दोन मडकी आणि हरेशनं न विचारता आणलेली लोणच्याची बरणी, एवढ्यांचा निकाल लागला. बरणीबद्दल हरेशला घरी निराळा धडा मिळाला.

"आपन काटकी मोडतो, फांदी तोडतो, मडकं फोडतो," मास्तर म्हणायचे. "इंग्रजाकडं सगळ्याला एकच शब्द. आपलं एवढं लुटून नेलं, पन शब्द न्यायचे इसरला." मास्तर मिठागरातल्या मजुराचे चिरंजीव. बी.ए., बी.एड. झाले तरी तोंडातला 'न' काही गेला नाही, आणि तो जावा असं आम्हालाही कधी वाटलं नाही.

मी सुचिता, आता बावन्न वर्षांची. बेलापूरला सरकारी कचेरीत फायली पुढं सरकवते. इंग्रजी पत्र आलं की साहेब ते माझ्याकडे पाठवतात, ही मास्तरांचीच कृपा. व्याकरणाचं पुस्तक केव्हाच विसरले, पण वर्गात मडकं फुटल्यावर उडालेला हशा अजून आठवतो. तसं पोट धरून मी पुढं फारशी हसले नाही, खरं सांगायचं तर.

गेल्या डिसेंबरात आमच्या दहावीच्या बॅचचं संमेलन झालं. हॉल, फेटे, शाल, नारळ, काही कमी नव्हतं. मास्तर आता सत्तरीचे. हरेश बिल्डर झालाय, त्यामुळे माईक त्याच्याच हातात. तो म्हणाला, "मास्तर, एकदा ब्रेक होऊन जाऊ दे." आम्ही सगळी अर्धी पिकलेली मंडळी एका सुरात म्हणायला लागलो. ब्रेक अ स्टिक, ब्रेक अ पॉट. मग मंगळवारचे अर्थ, ब्रेक द लॉ, ब्रेक द न्यूज, ब्रेक अ हार्ट. 'ब्रेक युअर वर्ड', दिलेला शब्द मोडणं, आलं आणि मास्तर खुर्चीत बसले. वय झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या सोसायटीत हजर. जिने चढून दम लागला होता.

"सगुना का नाय आली?"

"ती ग्रुपमधूनच बाहेर पडली, मास्तर. म्हणाली, दहावी न झालेलीचं दहावीच्या संमेलनात काय काम?"

सगुणा वर्गात पहिली यायची. जानेवारीत तिचं लग्न ठरलं, फेब्रुवारीतला मुहूर्त, आणि परीक्षा मार्चमध्ये. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं मास्तरांनी त्या दिवशी सांगितलं. सगुणा त्यांच्याकडे रडत आली होती, बाबांशी बोला म्हणून. रविवारी सकाळी येतो, असा त्यांनी तिला शब्द दिला. पण तिचे वडील गोटीराम शाळेच्या कमिटीवर होते आणि मास्तरांची नोकरी अजून कायम व्हायची होती. रविवारी सकाळी मास्तर उरणला सासुरवाडीला निघून गेले.

"मंगळवारी ब्रेकची वाक्यं लिवायला दिली. तिनं लिवलं, 'माय सर ब्रोक हिज वर्ड.' काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. मी लाल शाईनं टिक केली नि वही परत दिली."

"तिला काहीच बोलला नाहीत?"

"नाय. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाय."

मी जन्मात पहिल्यांदा मास्तरांवर चिडले. ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं, त्याला एका पोरीशी चार शब्द बोलता आले नाहीत. त्यांना पाणी दिलं आणि आत जाऊन उगाच डबे आवरत बसले. बाहेर आले तर ते तसेच बसलेले.

"तिची माफी मागायची राह्यलीय, सुचिता. तेवढं केल्याबिगर मना जायचं नाय."

गुरुवारी रजा टाकली आणि रिक्षा करून आम्ही दिघ्याला गेलो. सगुणा तिथं कंपनीतल्या कामगारांचे डबे करते. दारात आम्हाला बघून ती क्षणभर थांबली, मग पोळ्या मोजून डब्यात भरायला लागली. बसा म्हणाली, पण हात थांबवले नाहीत. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. एकही सबब पुढं केली नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

"तुमी आले असते तरी बापूस ऐकनार नव्हता," सगुणा म्हणाली. "मना म्हाईत व्हतं ते."

"मग?"

"मग काय? कोनीतरी माज्यासाठी आमच्या दारात येतंय, येवढंच मना बघायचं व्हतं. दुपारपर्यंत वटीवर बसून व्हती मी. आय इचारते, कोन येनार हाय? काय सांगू तिला?"

मास्तरांनी हात जोडले. तिनं पिठाच्या हातानंच ते खाली केले.

"हात नका जोडू. माफी मागून लोक मोकले होतात, आपन तिथंच. रविवारी या. अकरा वाजता. रविवारी डबे नसतात."

 रिक्षात मी त्यांना सांगितलं की त्या रविवारी कळंबोलीला माझ्या भाचीचा साखरपुडा आहे, आपण पुढच्या रविवारी जाऊ. "नाय," म्हणाले. एवढंच.

रविवारी पावणेअकराला साखरपुड्याच्या गडबडीत माझा फोन वाजला, सगुणाचा. दोन बस बदलून, दुखरा गुडघा घेऊन, मास्तर एकटेच दिघ्याला पोचले होते.

"आले गो मास्तर," सगुणा म्हणाली. "अकरा वाजायला अजून येल हाय, तरी आले."