मृणालीने वाटलेली मुसुबी

तो व्हिडिओ तेजलने कौतुकानेच दाखवला होता. मृणाली आणि ती एकाच औषधांच्या दुकानात कामाला; दुपारी तिथे गिऱ्हाईक नसतं. शेजारच्या काउंटरवरून मोबाइल पुढे करत ती म्हणाली, "ताई, तुझा भाऊ बघ."

हर्षद शिवलकर गुहागरच्या समुद्रासमोरच्या आपल्या हॉटेलात उभा होता. अंगात फुलाफुलांचा शर्ट, हातात मुसुबी. म्हणजे भाताची चौकोनी वडी, तिच्यावर डब्यातल्या मांसाचा खरपूस काप आणि मधोमध समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदाची पट्टी.

"माझे बाबा जहाजावर कुक होते," हर्षद सांगत होता. "हवाई बेटांवर शिकलेली ही चीज त्यांनी फक्त मला दिली. माझ्या बहिणीला तर अजून साधा भात धड जमत नाही!"

मुलाखत घेणारा पोरगा हसला. हर्षदही हसला. मृणालीचा चेहरा बघून तेजलने मोबाइल खाली घेतला.

हरिश्चंद्र शिवलकरांचं अर्धं आयुष्य प्रवासी जहाजांच्या भटारखान्यात गेलं. सुट्टीवर रत्नागिरीला आले की बॅगेत मांसाचे डबे असायचे, आणि होनोलुलूच्या बंदरावर एका म्हातारीकडे खाल्लेली मुसुबी ते घरी करून घालायचे. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. हर्षद तेव्हा हॉटेलसाठी जागा बघत होता. "सीझन संपला की येतो," म्हणाला. सीझन येत राहिले आणि जात राहिले. बाबांना उचलणं, पुसणं, भरवणं मृणालीकडे आलं, आणि त्यातच तिचं लग्न राहून गेलं.

बाबांचा उजवा हात गेला होता, जीभ जड झाली होती. तरी रविवारी ते खाटेवरून तिला शिकवत. "न... नवा तांदूळ. जुना सुटतो." भात गरम असतानाच दाबायचा. मांसाचे काप आधी कोरडे परतायचे, सोया सॉस आणि गूळ मागाहून. वडी फुटली की ते डाव्या हाताने खाटेची कड वाजवत. पुन्हा कर. ती पुन्हा करी. जमलेल्या वडीचा घास कुस्करून ती त्यांना भरवी, तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा हसायचा.

बाबा गेले. बाराव्याचं जेवण उरकल्यावर हर्षदने त्यांचा वड्या दाबायचा सागवानी साचा पिशवीत घातला. "आठवण म्हणून नेतो गो," म्हणाला. आता व्हिडिओत तोच साचा त्याच्या पाठीमागे भिंतीवर लटकत होता.

तिने त्याला फोन लावला. "बाबांनी तुला कधी शिकवलं रे?"

"अगो ताई, जाहिरात असते ती. लोकांना गोष्ट लागते."

"मग खरी सांग."

"खरी? हगणं-मुतणं काढल्याची गोष्ट ऐकून कोण जेवायला येणार?"

मृणालीने फोन ठेवला. त्या वाक्याने तिचं डोकं जे तापलं ते पुढे निवलंच नाही. व्हिडिओखाली खरं काय ते लिही, असं तेजलने सुचवलं.

"छे. भांडले तर त्याचीच जाहिरात व्हायची," मृणाली म्हणाली. "त्याला वाटतं ना, ही त्याच्या एकट्याची मिरास आहे? मी ती गल्लोगल्ली करते. दगड मारीन तिथे मुसुबी मिळाली पाहिजे."

पुढच्या रविवारी तिच्या स्वयंपाकघरात मिरकरवाड्याच्या बायका जमल्या. सकाळी कोळंबी सोलणाऱ्या, संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लावणाऱ्या. कमलाबाई त्यांची म्होरकी. मृणालीने बाजारात मिळणारे चिकनचे डबे आणले होते. मांस काढून तिने डब्याची दोन्ही टोकं कापली, कडा कानशीने घासल्या, आत तेल लावलेलं केळीचं पान बसवलं. झाला साचा. शेवाळाचा कागद कुठून आणायचा? त्याच्या जागी तिने अंड्याच्या पोळीची पट्टी गुंडाळली.

कमलाबाईंनी वडी खाल्ली, बोटं चाटली. "फी काय घेशील गो?"

"काही नको. तुम्ही आणखी चौघींना शिकवायचं."

"मग तुला काय मिळणार?"

"मिळेल," मृणाली म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.

पावसाळा सरेपर्यंत मुसुबी मिरकरवाड्यातून बंदराच्या बर्फ कारखान्यापाशी गेली, तिथून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. कुणी 'हवाई वडी' म्हणे, कुणी 'डबा भात'. एवढ्यावर मृणालीचं समाधान होईना. एका रविवारी स्टोव्ह आणि पातेलं घेऊन तिने जयगडहून फेरीबोट धरली आणि गुहागर गाठलं. हर्षदच्या हॉटेलासमोर, वाळूच्या कडेला, अंडी-भजी विकणाऱ्या बायांना गोळा करून तिने भात चढवला.

हर्षद तरातरा बाहेर आला. "ताई, हे काय चालवलंयस? माझ्या दारात?"

"दार तुझं. समुद्र तुझा नाही."

"बाबांना काय वाटलं असतं?"

"बाबांना काय वाटायचं ते ऐकायला तेव्हा यायचं होतंस." मग आवाज चढवून तिने बायांना सांगितलं, "हा माझा भाऊ. बाबांनी फक्त यालाच शिकवलंय. ये हर्षद, एक करून दाखव यांना."

हॉटेलातली चार गिऱ्हाइकं पायरीवर येऊन उभी राहिली. हर्षदने भाताकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"मी नाही करत," तो पुटपुटला. "सदू करतो. आमचा कुक."

बाया खदखदून हसल्या. मृणाली हसली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. तो वळून आत गेला तेव्हा तिच्या जिवाला असं गार वाटलं की त्या रात्री घरी परतून ती पोटभर जेवली.

दिवाळीपर्यंत गुहागरच्या प्रत्येक गाडीवर मुसुबी आली. हर्षदने आपल्याकडची बंद केली, फुलांचा शर्टही गेला. बाहेर 'मालवणी थाळी'चा बोर्ड लागला. त्याच्या बायकोचा, योगिनीचा फोन आला.

"ताई, आता पुरे करा. लोक तोंडावर हसतात यांच्या. नीट जेवत नाहीत हो."

"बाबांना तर गिळताच येत नव्हतं, योगिनी. तेव्हा तुमचा फोन नाही आला."

योगिनीचा त्यात काय दोष, असं नंतर मृणालीच्या मनात आलं. पण तिने उलट फोन केला नाही.

उन्हाळ्यात कोल्हापूरला जाताना एसटी पालीला थांबली. स्टँडबाहेर एका गाडीवर मुसुबी होती. तिने एक घेतली आणि विचारलं, "ही कुठली रे?"

"कोल्हापूरची," गाडीवाला ठासून म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने शोधून काढली."

मृणालीच्या तोंडात घास फिरला. मुसुबी हर्षदच्या हातून काढून घेताना बाबांचं नावही तिनेच वाऱ्यावर सोडलं होतं. आता ते कुणीच घेणार नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

मग तिला आठवलं, हॉटेलचा किराणा भरायला हर्षद याच रस्त्याने कोल्हापूरला जातो. कधीतरी तोही इथे थांबेल, आणि हाच गाडीवाला त्यालाही तोंडावर हेच सांगेल.

तिने घास गिळला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आणखी एक दे. गरम बघून दे."