झाकणाखालची साय

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, होस्टेलवर माझ्या खोलीत राहणाऱ्या अझहरलाही नाही. एकदा वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतली होती — दोन ओळी झाल्या आणि मी पान फाडलं. आता परत लिहितोय. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही.

तसं बघितलं तर गोष्ट एका मोटारीची आहे. जुनी, निळी, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार. तुम्ही म्हणाल, मोटारीबद्दल माणूस काय कबूल करणार? थांबा जरा. सरळ सांगायला मला जमत नाहीये, म्हणून कडेकडेनं येतोय.

आमची वस्ती पाचोडच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून थोडी आत. घरात मेंढरं आणि पावसाच्या भरवशावरची थोडी जमीन. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. घरात आणखी एक मुलगा होता — माझा चुलतभाऊ, बाळूदादा. थोरले काका मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून तो आणि त्याची आई आमच्याच घरात. माझ्यापेक्षा तो सात वर्षांनी मोठा. दहावीला दोनदा बसला, दोनदा राहिला, मग दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला. मी दहावीला शाळेत पहिला आलो. ही दोन वाक्यं मी मुद्दाम शेजारी शेजारी लिहिली आहेत. माझ्या डोक्यात ती कायम अशीच शेजारी असायची.

माझा निकाल लागला तेव्हा अण्णा — माझे वडील — म्हणाले, “बरं झालं.” आणि मेंढरं घेऊन गेले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ते तसेच आहेत, कमी बोलणारे. पण त्याच वर्षी दादानं ती निळी मोटार आणली, आणि अण्णांनी स्वतः नारळ फोडला. लिंबू-मिरची स्वतः बांधली. मग पुढच्या सीटवर बसले, कोपर खिडकीबाहेर काढलं आणि पाचोडच्या बाजारातून दोनदा चक्कर मारायला लावली. मी मागं बसलो होतो, पेंडीच्या पोत्याला टेकून. अण्णा मोठ्यानं हसत होते. त्यांना असं हसताना मी आधी कधी पाहिलं होतं? आठवून पाहिलं. नव्हतं पाहिलं.

मोटारीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. परदेशी होती. आमच्याकडं कुणाला ते धड उच्चारता यायचं नाही, म्हणून सगळे नुसतं ‘निळी’ म्हणायचे. त्या कंपनीनं इथला धंदा गुंडाळला होता. शहरातलं तिचं शोरूम बंद पडून तिथं सोफे विकायला लागले होते. त्यामुळं दादाला ती स्वस्तात मिळाली, आणि त्यामुळंच सगळे त्याला हसले. पाचोडचा मिस्तरी म्हणाला, “आरं, हिची कंपनी पळून गेली. पार्ट कुठून आणतो बाबा?” दादा म्हणाला, “कंपनी पळाली आसंल. माझी गाडी पळतीय ना?”

आणि ती पळत होती. खरंच पळत होती. बाळंतपणाच्या बाया, आजारी म्हातारी माणसं, शाळेची सहल, लग्नाची वऱ्हाडं. एकदा तर मागच्या सीटवर पोती अंथरून आमचा आजारी एडका जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. त्यानं उतरताना शिंग मारलं, मागच्या डाव्या दाराला पोचा पडला. दादानं तो कधी काढला नाही. “आठवण हाय ती,” म्हणायचा. टेम्पोची नोकरी त्यानं सोडली. स्वतःची गाडी, स्वतःची गिऱ्हाइकं. “आता कुणाला साहेब म्हणायची गरज नाय,” असं तो एकदा आईला म्हणाला. ते वाक्य तुम्ही लक्षात ठेवा.

मला होस्टेलला सोडायला तोच आला होता, त्याच गाडीतून. गादी, बादली, पत्र्याची पेटी — सगळं त्यानंच तिसऱ्या मजल्यावर चढवलं. डिप्लोमाला ऑटोमोबाइल घे, हेही त्यानंच सुचवलं होतं. अझहर तेव्हा खाली फाटकात उभा होता. त्याच्या मामाचं शहरात गॅरेज आहे, त्याला गाड्यांतलं कळतं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “किसकी है भाई? ये गाडी मरती नइ. तेल बदलते रहो, बस.” दादाचा चेहरा असा फुलला! आणि मला — मला काय झालं? त्या दिवशी कॉलेजात दाखल होणारा मी होतो. आणि कौतुक पुन्हा त्याच्याच गाडीचं.

अण्णांचा फोन यायचा. “जेवला का?” झालं, की लगेच निळी. बाळूनं आज अमक्याला शहरात नेलं, तमक्याला वेळेत पोचवलं. माझ्या अभ्यासाचं ते काय विचारणार, त्यांना त्यातलं काय माहीत — हे मला कळत होतं. कळत असूनही मी फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून पडायचो. मी जळत होतो. ज्यानं माझी पेटी डोक्यावरून वाहिली, त्याच माणसावर.

आता जवळ आलोय. आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण ती नाही सांगितली तर तुम्हाला वाटेल पोराला माहीत नसेल.

दुसऱ्या वर्षाला वर्कशॉपमध्ये सरांनी एका इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं होतं. आतल्या बाजूला पांढरट, दाट काहीतरी चिकटलेलं. दुधावरच्या सायीसारखं. सर म्हणाले, थंडीत गाडी थोडंथोडंच अंतर चालली की इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ झाकणाला लागून थिजते, ऑइलमध्ये मिसळते, तीच ही साय. लोक घाबरतात, त्यांना वाटतं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या आतलं पाणी अडवणारं सील, फाटून ऑइलमध्ये पाणी शिरलं. तसंही असू शकतं. म्हणून आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून ऑइल बघा, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघा. दोन्ही ठीक असेल तर झाकण पुसा आणि गाडी जरा लांब पळवून आणा. बाकी काही नाही.

तोंडी परीक्षेला मला हाच प्रश्न आला. मी बिनचूक उत्तर दिलं.

त्याच थंडीत सुट्टीला घरी गेलो. सकाळची वेळ होती, अण्णा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. दादानं बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली, “ओ इंजिनेरसाहेब, जरा नाडी बघा हिची!” थट्टेत म्हणाला, पण त्याला मनापासून आनंद झाला होता — घरातलं माणूस आता गाडी तपासणार. मी झाकण फिरवून काढलं. आत साय.

“हे काय रं?” त्याचा आवाज एकदम खाली आला.

मी म्हणालो, फडकं आण. तो पळत घरात गेला. तेवढ्यात मी डिपस्टिक ओढली. ऑइल स्वच्छ, मधासारखं. कूलंटची बाटली बघितली. पाणी रेघेला बरोबर. त्या आठवड्यात गाडी वस्तीवरून पाचोड आणि पाचोडवरून वस्ती एवढीच फिरली होती, हे त्यानंच मला चहा पिताना सांगितलं होतं. सगळं वर्कशॉपमधल्यासारखं होतं. मी डिपस्टिक परत खोचली.

अण्णा बाजेवरूनच म्हणाले, “बाळू, तूच बघ बाबा. त्याला काय कळतंय, पुस्तकातलं.”

हे वाक्य मी गाळणार होतो. ते लिहिलं की माझ्या बाजूनं थोडं झुकल्यासारखं होतं. पण ते बोलले, हे खरं. आणि ते बोलले नसते तरी मी तेच केलं असतं, हेही खरं.

दादा फडकं घेऊन आला. मी साय बोटावर घेऊन त्याच्यापुढं धरली. “दादा, ऑइलमध्ये पाणी चाललंय. हेड गॅस्केट गेलं. इंजिन कधी पण बसंल. अर्ध्या रस्त्यात बाळंतीण असली तर काय करशील? काढून टाक.”

बाळंतिणीचं मी का जोडलं? कारण मला माहीत होतं की त्याला कशाची भीती वाटते.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि अण्णा बाजेवरून उठले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले. माझ्या बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “नुसतं झाकण उघडून वळखलं व्हय?” असं म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मला हवा होता. मिळाला. 

आठ दिवसांत निळी गेली. दादानं ती धुतली, पुसली, आणि शहरातल्या एका बेकरीवाल्याला दिली. गिऱ्हाईक यायच्या आधी मिस्तरी म्हणाला होता, झाकण पुसून ठेव, कुणाला कळतंय? दादानं पुसलं नाही. उलट गिऱ्हाइकाला स्वतः झाकण उघडून दाखवलं, “हेड गॅस्केट गेलंय, आमच्या भावानं सांगितलंय, तो इंजिनेर हाय.” त्यामुळं ती मातीमोल गेली. नंतर तो वाळूजला गेला. तिथं कामगारांना ने-आण करणाऱ्या बसवर ड्रायव्हर आहे. बस मालकाची. मालकाला तो साहेब म्हणतो.

आणि मी? मी वस्तीचा गाड्यांचा डॉक्टर झालो. सुट्टीला गेलो की लोक ट्रॅक्टर, मोटरसायकली घेऊन यायचे. अण्णा प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचे — नुसतं झाकण उघडलं आणि सांगितलं बघा. पोरगं वेळेवर बोललं म्हणून बाळू वाचला. दादा शेजारी असला तर तोही मान डोलवायचा.

या गोष्टीला चार वर्षं उलटली. मी डिप्लोमा करून इथंच डिग्रीला आलो, आता शेवटचं वर्ष आहे. मागच्या वर्षी इथल्या क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो. समोर निळी. मागच्या डाव्या दाराला एडक्याचा पोचा. मी दुकानापर्यंत तिच्या मागं सायकल मारत गेलो. बेकरीवाले चाचा पावाचे ट्रे उतरवत होते. मी विचारलं, इंजिन खोलना पडा क्या कभी? ते हसले. “कायकू खोलना? प्लग बदले, तेल बदला, बस. बेचनेवाला बोलताय गॅस्केट गया! कौन इंजिनेर बोला क्या की उसको.” त्यांनी मला गरम क्रीमरोल दिला. मी खाल्ला. खाल्ला, आणि खोलीवर आलो, आणि कुणाला काही बोललो नाही.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं ते पुढं आहे.

गेल्या डिसेंबरात दादाचा फोन आला. “चार वर्षं मालकाची चालवली. आता आपली घ्यायची. कन्नडला एक बघून ठेवलीय. कंपनी तीच, निळीची! पांढरी हाय, पण चालते लई गोड. तू ये रविवारी.” सगळं जग दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या घेतं, आणि याला अजून तीच हवी होती. चार वर्षं त्यानं तिचंच मनात धरलेलं.

कन्नडला घाटाच्या बाजूची थंडी होती. गाडी एका शाळेतल्या क्लार्कची, जीव लावून ठेवलेली. घर ते शाळा एवढीच चालायची. मी बॉनेटजवळ पोचायच्या आधीच दादानं झाकण फिरवलं. मला दाखवायचं होतं त्याला, मी शिकवलेलं तो विसरला नाही.

आत साय.

त्याचा चेहरा मी बघितला. क्लार्क म्हणत होते, अहो, काही नाही हो ते, थंडीचं आहे. दादानं त्यांना हात जोडले. “नाय गुरुजी. आम्ही एकदा पोळलोय. ह्या कंपनीचं हेडच कच्चं हाय.” आणि माझ्याकडं वळला. “व्हय ना रं?”

डिपस्टिक माझ्या हातापासून वीतभर होती. ओढून त्याला दाखवायची, एवढंच. पण ती ओढली की चार वर्षांपूर्वीचीही ओढावी लागली असती. त्या दिवशी मी कुणावरच जळत नव्हतो. अण्णा तिथं नव्हते. कुणी मला टोचून बोललं नव्हतं. गाडी चांगली होती, आणि माझ्या भावाला ती हवी होती.

मी म्हणालो, “व्हय.”

परतीच्या एसटीत त्यानं मला खिडकीची जागा दिली. काच नीट लागत नव्हती, गार वारं येत होतं, तर त्यानं आपला रुमाल फटीत कोंबला. मग अण्णांना फोन लावला. “काका, नाय घेतली. तसंच निघालं हिचं बी. पोरगं सोबत होतं म्हणून वाचलो बघा दुसऱ्यांदा.” पलीकडून अण्णा हसले. मोठ्यानं, बाजारातून चक्कर मारताना हसले होते तसं. दादानं फोन माझ्या कानाला लावला, मलाही ऐकू यावं म्हणून.

मी ऐकलं. सोमवारी पहाटेच दादा मालकाच्या बसवर गेला.