कडकरावांचा गुडघा आणि नाक मुरडणारी जळू

कडकरावांना ज्याची शिसारी येत नाही अशी वस्तू शोधायची म्हणजे दिवसभराचं काम. दुधावरची साय, ओला टॉवेल, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, मोरीच्या जाळीवर चिकटलेला साबणाचा तुकडा, पान उलटताना बोटाला थुंकी लावणारा माणूस. यातलं काहीही दिसलं की त्यांचं नाक आक्रसायचं, ओठ खाली ओढले जायचे आणि तोंडातून "शीऽऽ" निघायचं. थेट गरम इस्त्रीवर पाणी पडल्यासारखं.

आणि असल्या माणसाची कुणाशी गाठ पडावी? लाँड्रीशी! गावभरच्या मळक्या कपड्यांवरच पोट.

पण लाँड्रीतही दोन मुलुख असतात. दाराशी काउंटर, काउंटरखाली मळक्या कपड्यांची भली मोठी टोपली आणि टोपलीशी स्टुलावर बसून कपडे निवडणारी बायको. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, खिसे तपासायचे, डाग शोधायचे, मोजे उलटे करायचे. मागे यंत्रं, तिथे मुलगा. आणि पार पलीकडे, खिडकीपाशी, इस्त्रीचं टेबल. तिथे कडकराव. त्यांच्यापर्यंत येणारा कपडा धुतलेला, वाळलेला, निर्मळ. दुकानाच्या फरशीत मधोमध एक चीर गेली होती. त्या चिरेच्या अलीकडे, टोपलीच्या बाजूला, कडकराव लग्नानंतर आजवर फिरकले नव्हते. येणं-जाणं मागच्या दाराने, आणि टोपलीच्या बाजूचं काही हवं असलं तर हाक मारायचे.

कडकराव हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. त्यांची कॉलर म्हणजे पत्रा. एका वकिलाची मान त्या कॉलरने कापली होती म्हणतात. वकिलाने मानेला पट्टी लावली, पण दुकान बदललं नाही. अशी इस्त्री!

आता इस्त्रीचं काम उभ्याचं. आणि कडकरावांचा उजवा गुडघा उभं राहू देईना.

या गुडघ्याची कथा जुनी आहे आणि तिच्यातही घाणच आहे. ऐन तरुणपणी ते एका हॉटेलात कपडे पोचवायला निघाले होते, दोन्ही हातांवर शुभ्र चादरींची चळत. वाटेत गटार तुंबलेलं, आणि त्यात एक मेलेला उंदीर, फुगलेला, पोट वर करून तरंगणारा. शहाण्या माणसाने चार पावलं वळसा घातला असता. कडकरावांनी डोळे मिटले आणि उडी मारली. पलीकडे पाय टेकला तो वाकडा. अंग एकीकडे वळलं, पाऊल तिथेच राहिलं आणि गुडघ्यातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. कडकराव चिखलात आडवे झाले, पण चादरी डोक्यावर उंच धरलेल्या. एकीलाही सुरकुती नाही!

गुडघा दुधी भोपळ्याएवढा सुजला. तरी आधी आंघोळ, मग डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, हाडाला हाड बांधणारी दोरी तुटलीय, लिगामेंट म्हणतात तिला, मोठ्या दवाखान्यात दाखवा. मोठ्या दवाखान्याच्या दारात कुणीतरी ओकलेलं होतं. कडकराव तिथूनच परत फिरले. मग एका मालिशवाल्याकडे गेले. त्याच्या तेलाचा वास एवढा जबरदस्त, की मालीश होण्याआधीच हे खुर्चीवरून उठले. सूज यथावकाश उतरली, माणूस चालायला लागला, गोष्ट विसरली गेली. गुडघा मात्र विसरला नव्हता. सैल बिजागरीचं दार जसं रोज थोडं थोडं घासतं, तसा तो आतून घासत राहिला, आणि म्हातारपण दारात येताच त्याने सगळा हिशेब मांडला. सकाळी उठताना कुलूप लागल्यासारखा आखडायचा. एक चादर होईपर्यंत कडकराव घामाघूम.

एक दिवस तापलेली इस्त्री हातात असताना गुडघा मुडपला. इस्त्री टेबलाखाली, कडकराव टेबलावर. मुलगा धावत आला.

"बस्स झालं, बाबा. उद्यापासून इस्त्रीला माणूस ठेवतो."

"आणि मी काय करू? माशा मारू?"

"आईची कंबर धरलीय. तिला आराम मिळू दे. तुम्ही टोपलीपाशी बसा. बसूनच काम आहे. मी मऊ गादीचं स्टूल आणतो."

कडकरावांनी चिरेपलीकडे पाहिलं. टोपलीच्या कडेवरून कुणाचा तरी मोजा लोंबत होता. अंगठ्याजवळ ओला.

"त्यापेक्षा मला इस्त्रीखाली ठेव," ते म्हणाले.

मुलगा दुसऱ्याच दिवशी स्टूल घेऊन आला. निळ्या गादीचं. "महिनाअखेरपर्यंत बघू," म्हणाला आणि ते त्याने टोपलीशेजारी ठेवलं. येता-जाता कडकरावांना ते दिसे. फाशीचा तख्ता बघावा तसे ते त्याच्याकडे बघत.

म्हणूनच, केवळ म्हणूनच, ते मोठ्या दवाखान्याची पायरी चढले.

गुडघ्याच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एक्स-रेचा फोटो दिव्यावर धरला. "दोरी केव्हाच गेलीय. त्यामुळे सांधा हलत राहिला आणि हाडांवरची मऊ गादी झिजली. ती आता परत येत नाही. ऑपरेशन करता येईल."

"किती दिवस उभं राहायचं नाही?"

"महिने म्हणा."

तोवर टेबलावर नवा माणूस कायमचा झाला असता. कडकरावांनी नकारार्थी मान हलवली.

"मग आमच्याकडे एक संशोधन चालू आहे. अशाच गुडघ्यांचं. काही लोकांना मलम, काही लोकांना दुसरा उपचार, आणि मग कुणाचं दुखणं किती कमी होतं ते बघायचं. कुणाला काय मिळणार हे आम्ही ठरवत नाही, चिठ्ठी निघते."

"दुसरा उपचार म्हणजे?"

"जळवा."

कडकरावांना वाटलं, आपल्याला ऐकू कमी येऊ लागलंय. मग बाईंनी खिडकीतली बरणी दाखवली. तळाशी काळपट, लिबलिबीत, बोटभर लांबीचं काहीतरी पसरलं, आखडलं, पुन्हा पसरलं आणि काचेला तोंड लावून उभं राहिलं. कडकरावांच्या अंगावर शहारा उठला तो टाचेपासून टकलापर्यंत. "शीऽऽऽ!" बाहेर बसलेले रोगी आत डोकावले.

"चिठ्ठीत मलमही निघू शकतं," सोबत आलेल्या बायकोने आठवण करून दिली. तेवढ्या आशेवर त्यांनी होकार दिला.

चिठ्ठी निघाली. जळवा.

"चला," बायको म्हणाली, "नाहीतर स्टूल आहेच."

ठरल्या दिवशी कडकराव निघाले ते कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे. घाणेरड्या जिवाला आपली घाण तरी लागू नये, किंवा त्याची आपल्याला लागू नये, काय त्यांच्या मनात होतं देव जाणे. गुडघा त्यांनी सुवासिक साबणाने घासला, खसखसून घासला, वाळवला, पुन्हा घासला. वर पावडर. पावडरीवर अत्तराचा हात. गुडघा आरशासारखा लकलकत होता.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त कंडक्टर होता, त्यालाही जळवाच निघालेल्या. तो आपल्या जळवांना हाकारत होता, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" कडकरावांनी तोंड भिंतीकडे केलं.

सिस्टरने चिमट्याने पहिली जळू उचलून त्यांच्या गुडघ्यावर सोडली. गार, ओलं, जिवंत काहीतरी कातडीवरून सरकलं. कडकरावांनी दात-ओठ आवळले. जळूने डोकं उचललं. इकडे केलं, तिकडे केलं, टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग तरातरा मांडीकडे निघाली. दुसरी सोडली. तिने तर अंगाची गोळी केली आणि खाली चादरीवर पडून राहिली. साखरेचं पाणी लावलं, सुईचं टोक टोचून रक्ताचा थेंब काढला. तिसरीने थेंबापर्यंत येऊन पाठ फिरवली.

"अहो, त्या तुम्हाला शी म्हणतायत!" कंडक्टर खाटेवर पोट धरून हसला.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गुडघ्यावर वाकून वास घेतला. "साबण लावलात?"

"तीनदा," कडकराव अभिमानाने म्हणाले. "वर पावडर. अत्तर."

"दारावर एवढा मोठा फलक आहे, साबण नको, वास नको म्हणून! जळवांना हे वास चालत नाहीत, त्या चावत नाहीत." बाई वैतागल्या होत्या. "आठवडा संपेपर्यंत उपचार झाला नाही, तर तुमचं नाव संशोधनातून कमी करावं लागेल. शुक्रवारी या. तोवर गुडघ्याला साधं पाणी. बाकी काही नाही. समजलं?"

आयुष्यात पहिल्यांदा कडकरावांना कुणीतरी घाण समजून नाकारलं होतं. तेही जळवेने!

आणि मग आले ते दिवस! बायकोने घरातला साबण कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. अत्तर शेजारणीकडे ठेवायला दिलं. कडकराव मोरीत उभे राहून नुसतं पाणी ओतत आणि बाहेर येऊन स्वतःपासून लांब बसत. दिवस उकाड्याचे. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागच्या वळीला बोट लावून त्यांनी ते हुंगलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"अगं, मला माझाच वास येतोय."

"येऊ दे. मला सगळ्या गावाचा येतो."

"किल्ली दे. एकदाच."

"जन्मभर टोपलीत हात घालून बसलेय मी," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "सर्दीचे रुमाल, लहानांचे लंगोट, दारू पिऊन आलेल्यांचे सदरे. तुम्ही विचारलंत कधी, कसा वास येतो म्हणून? तीन दिवस स्वतःचा सोसा."

आवाज चढवला नव्हता तिने. चढवला असता तर कडकरावांनी उत्तर दिलं असतं. ते उठून खिडकीशी गेले, तिथेही वास आपला सोबत.

शुक्रवारी दवाखान्यात पोचल्याबरोबर त्यांना बेसिन दिसलं. बेसिनवर गुलाबी, सुगंधी, पातळ साबणाची बाटली. पाय आपोआप तिकडे वळले. हात दाबायला पुढे झाला आणि आरशात मागे बायको दिसली, दोन्ही हात कमरेवर.

"हात धुतो फक्त."

"मग त्याच हाताने गुडघा चोळाल. चला मुकाट्याने."

या वेळी जळवेने विचारसुद्धा केला नाही. डोकं टेकवलं आणि कचकन चावली. दुसरी, तिसरी, चौथी. गुडघ्याभोवती काळी, ओली, फुगत जाणारी माळ. जळवांच्या अंगावरून लाटा जात होत्या, घोट घेणाऱ्या घशासारख्या. कडकरावांनी पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. कपाळावर घाम, तोंडात कडू पाणी. सिस्टरने मांडीवर रिकामं भांडं ठेवलं.

"तोंड तिकडे करून," कंडक्टर म्हणाला. आज त्याची तपासणी होती आणि तो मुद्दाम तमाशाला थांबला होता.

तासाभराने पोट भरलेल्या जळवा एकेक करून गळू लागल्या. एक टम्म फुगलेली जळू खाटेवरून जमिनीवर पडली, पचकन. सिस्टर चिमटा शोधेपर्यंत बायको वाकली, कंबर धरूनच वाकली, आणि तिने ती उघड्या बोटांनी उचलून जळवांच्या बरणीत टाकली.

"अगं! शी! हातानं?"

"स्वच्छ पाण्यात वाढलेली आहे ही. आपल्या गिऱ्हाइकांपेक्षा बरी."

तेव्हा मात्र कडकरावांना खरोखरच ओकारी झाली. मांडीवरचं भांडं उपयोगी पडलं.

पट्टीतून दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त पाझरत होतं आणि कडकराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पण पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते उठले, मोरीपर्यंत गेले आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण भिंत धरली नाही.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी त्यांना उत्साहात वाहून जाऊ दिलं नाही. "गुडघा नवा झालेला नाही. दोरी नाही, गादी नाही. दुखणं दबलंय, किती काळ ते आम्हालाही बघायचंय. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. मांडीचे व्यायाम सोडू नका, मधूनमधून बसा."

"पण उभा राहतोय."

"राहताय खरं."

महिनाअखेरीला कडकराव टेबलापाशी उभे होते. कॉलर पुन्हा पत्रा. मुलाने नवा माणूस आणला नाही. निळ्या गादीच्या स्टुलाचा विषयच निघाला नाही, कारण ते पुन्हा नीट उभे राहिले त्या पहिल्याच दिवशी बायको त्यावर जाऊन बसली होती. "माझ्या कमरेला बरं आहे हे," एवढंच म्हणाली.

मग एका दुपारी, इस्त्री थंड व्हायला ठेवून, कडकराव फरशीतल्या चिरेपर्यंत आले. थांबले. नाक आक्रसलं, ओठ खाली ओढले. आणि ओलांडली. टोपलीपाशी ते उभेच राहिले, उकळत्या पाण्यातून कपडे काढायचा लांब लाकडी चिमटा हातात. त्यांनी एक रुमाल टोकाला धरला, हात शक्य तेवढा लांब नेला, तोंड खिडकीकडे वळवलं आणि तो पांढऱ्यांच्या ढिगात टाकला. "शी." मग सदरा. "शीऽ." मग एक मोजा, आत काहीतरी खडखडणारा. "शीऽऽऽ!"

बायको स्टुलावर मागे रेलून बघत होती. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, हात लावा की एखाद्याला."

"जळू लावून घेतली ना?" कडकराव मोजा उलटा करायच्या खटपटीत ओरडले. "मग आता गप्प बस आणि सांग, हा पांढरा म्हणायचा का कळकट?"