शिवणारी बाई कुणी काढली

संग्रहालयात सगळे तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. रुजू झाली तेव्हा तिच्याकडे चित्रांखालच्या पाट्या लिहायचं काम होतं. गळ्यात दोरीने भिंग अडकवून ती एकेका चित्रापुढे तासन् तास उभी राही. तिसऱ्या वर्षी तळघरातल्या एका बिनसहीच्या चित्राने तिला धरून ठेवलं. खिडकीपाशी निळं कापड शिवणारी बाई. शहरातल्या नामांकित चित्रकाराचं हे शेवटचं काम, असं तिने पुस्तक लिहून मांडलं. पुस्तक गाजलं, चित्र मधल्या दालनात आलं आणि पुढे ती संचालकही झाली.

निवृत्तीला आठ महिने असताना चित्र साफसफाईला उतरवलं. दुरुस्तीकाराने मागची फळी काढली आणि तिला बोलावून घेतलं. कॅनव्हासच्या पाठीवर पेन्सिलीने चित्रकाराच्या बायकोचं नाव होतं. खाली तारीख. तोवर चित्रकाराला जाऊन वर्ष उलटलं होतं.

तिने तीनदा वाचलं आणि स्टुलावर बसून राहिली. नंतर कुणी खरडलं असेल, असं दुरुस्तीकार तिला धीर द्यायला म्हणाला. पण तिला त्या बायकोची पत्रं आठवली. ती तिने तरुणपणी फक्त नवऱ्याच्या बातम्यांसाठी चाळली होती. दुसऱ्या दिवशी तिने ती पुन्हा काढली. बहिणीला लिहिलेल्या पत्रात ओळ होती, ‘आज निळं एकदाचं हातावेगळं झालं.’ तेव्हा तिला वाटलं होतं, शिवणाबद्दल असेल. बाईमाणूस, दुसरं काय करणार? तिचे कान तापले.

विश्वस्तांच्या अध्यक्षांनी तिला समजावून पाहिलं. “आठ महिने दम धरा. तुमच्यामागून येईल तो बघेल.”

“पुस्तक माझं आहे,” ती म्हणाली. “निस्तरायलाही मलाच हवं.”

नवी पाटी तिने स्वतःच लिहिली. वर्तमानपत्रांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. निरोपसमारंभाला अध्यक्ष फिरकले नाहीत.

निवृत्तीआधीचे उरलेले महिने ती त्या बायकोच्या नातलगांची दारं ठोठावत फिरली. एका म्हाताऱ्या भाचीकडे, कपाटामागे, आणखी तीन चित्रं निघाली. “मावशी चित्रं काढायची हे आम्ही बाहेर कधी बोललोच नाही,” भाची म्हणाली. “काकांच्या नावाला कमीपणा नको म्हणून.”

निवृत्तीनंतर तिने दुसरं पुस्तक लिहिलं. ते पहिल्याच्या निम्मंही खपलं नाही. भाचीने मात्र सहा प्रती मागवल्या, आणि सातवी तिच्याकडून हक्काने फुकट नेली.