आक्कानं हलवलेलं घर

आक्काला अक्षरओळख नव्हती, पण घरातली सुईसुद्धा तिच्या नजरेआड जात नसे. कुणी काही शोधायला लागलं की ती जागेवरून न उठता सांगायची, "गुळाच्या ढेपंमागं, डाव्या अंगाला, पेपरात गुंडाळून ठेवलंय. आणि डोळं हायती नव्हं, वापरा की जरा." वस्तू नेमकी तिथंच सापडायची. मला त्याचा भारी राग यायचा. एकदा तर मी मुद्दाम खलबत्ता उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला होता. संध्याकाळी तो परत आपल्या जागी, आणि आक्का गप्प. त्या गप्प राहण्याचा आणखी राग यायचा.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, माझ्या मालकांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली आणि आईवेगळ्या दोन धाकट्या भावांना तिनं वाढवलं. धाकटा नाना पुढे मलकापूरला किराणा दुकान घालून बसला. थोरल्याचं, म्हणजे आमचं, बिऱ्हाड कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. सासू मी पाहिलीच नाही. सासू म्हणा, नणंद म्हणा, सगळं आक्काच. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, पण आठवताना ती मला 'ती'च आठवते, त्याला माझा इलाज नाही.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं होती. ह्यांनी कर्ज काढून राजारामपुरीत तीन खोल्यांचं घर बांधायला घेतलं आणि आक्काच्या अंगात वारं शिरलं. रोज सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की पदर खोचून ती पायी निघायची, नव्या भिंतींना पाणी मारायला. गवंडी म्हणायचा, "आक्का, आमी मारतोय की पाणी." त्यावर ती म्हणायची, "तुमचं पाणी मला ठावं हाय. भितीला दावायचं आणि च्या प्यायला जायचं. भित तान्ही हाय बाबा, तिला येळच्या येळंला पाजाया लागतं." तीन महिने तिनं त्या भिंती पाजल्या. आजही त्या घरात भिंतीला तडा नाही. येणारे-जाणारे गवंड्याचं नाव विचारतात.

"घर आधी डोस्क्यात हलवायचं, मग हातगाडीवर," असं ती म्हणायची. म्हणून मुहूर्ताच्या महिनाभर आधीपासूनच आमचं घर हलायला लागलं. रोजच्या वापरातलं काय, महिन्यानं लागणारं काय, आणि उगीच साठवलेलं काय, हे तिनं वेगळं केलं. उगीच साठवलेल्यात माझ्या माहेरचीच भांडी जास्त निघाली, त्यावरून आमचं वाजलं. चिनी मातीच्या बरण्या तिनं वाकळंत गुंडाळल्या, कपबश्या कडब्यात घातल्या. घाई करायला गेले की हात धरायची. "हातघाई केली की काच फुटती, आणि माणसाचं त्वांड बी."

गाठोडी ओळखायची तिची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. लिहिता येत नव्हतं, म्हणून ज्याचं सामान त्याच्याच जुन्या कपड्याची चिंधी ती गाठीला बांधायची. माझ्या गाठोड्यांना माझ्या फाटक्या हिरव्या लुगड्याची, ह्यांच्या सामानाला रेघांच्या पायजम्याची, मुलांच्या सामानाला फुलाफुलांच्या झबल्याची. देवांच्या पेटीला सोवळ्याची. हातगाडीवाले दस्तगीरमामू बघायला आले तेव्हा ते हसायला लागले. म्हणाले, "आक्का, गाडी न्हेतोय का वरात?" ती म्हणाली, "वरात समजूनच न्हे. आणि ते कपाट गाडीत बसतंय का बघू नगंस, जिन्यातनं उतरतंय का ते आधी बघ." मग दोघांनी विती घालून जिना मोजला. कपाट खरंच दोन बोटांनी अडत होतं. त्याची दारं काढायला लागली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आक्काचा एक करडा नेम होता. बोलावल्याशिवाय ती कुणाच्या उंबऱ्यावर चढत नसे, मग ते सख्ख्या भावाचं घर का असेना. आणि बोलवणं बाईचं लागायचं. "बाप्यानं बोलावलं तर च्या मिळतो," ती म्हणायची, "बाईनं बोलावलं तर जागा मिळती." नाना दर दिवाळीला "आक्का, मलकापूरला ये" म्हणायचा, पण त्याची बायको स्वतः येऊन गळ घालेपर्यंत ती कधी गेली नाही. मंगळवार पेठेतलं घर तिचंच होतं, मीच तिथं मागून आलेली. राजारामपुरीतलं घर माझ्या नवऱ्याचं, म्हणजे तिच्या हिशेबानं माझं. तिथं तिला मी बोलवायचं होतं. एवढं एक वाक्य. मला ते चांगलं कळत होतं. मी अडाणी नव्हते.

पण बारा वर्षं चूल तिच्या ताब्यात होती. मीठ किती, तिखट किती, पाहुण्यांना काय करायचं, सगळं तिच्या मनानं. मी एकदा शेजारच्या बाईंजवळ बोलून गेले, "आता तरी माझं म्हणून स्वयंपाकघर होईल." मागे बघते तर आक्का हंडा घेऊन उभी. तिनं ऐकलं होतं. हंडा आत नेऊन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला विचारलं, "सुमन, आमटीत मीठ किती घालू?"

वास्तुशांतीच्या आमंत्रणाची यादीही तिनंच केली. ती नावं सांगायची, मी लिहायची. भावकी, पेठेतली घरं, ह्यांच्या कचेरीतली माणसं, गवंडी, दस्तगीरमामू. गावातला एक माणूस तिनं सोडला नाही. शेवटी म्हणाली, "झालं बघ. अजून कोण ऱ्हायलं का, नीट बघ." आणि माझ्याकडे बघत बसली. मी यादीवरून बोट फिरवलं. बोट अगदी सावकाश फिरवलं. म्हणाले, "नाही आक्का, सगळे आले." ती उठली आणि तांदळाला हळद लावायला गेली. त्या अक्षता घेऊन मी दोन दिवस कोल्हापूरभर फिरले.

ह्यांच्या मनात काही नव्हतं. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण, आक्का येणारच, असं ते धरून चालले होते. पुरुषांना अशा गोष्टी दिसत नाहीत, आणि दाखवणारी मी होते.

आदल्या दिवशी चार हातगाड्या सामान गेलं. संध्याकाळी रिकाम्या खोलीत एकच पत्र्याची ट्रंक उरली, आक्काची. तिला चिंधी बांधलेली नव्हती. मी बघितली. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं. नव्या घरात खोल्या तीनच आहेत, मुलं मोठी होतायत, नानाचीही ती बहीणच आहे की, असं मी मनाला सांगत राहिले. मनाला सांगायला काही कमी नसतं.

मुहूर्ताच्या सकाळी हे भटजींचं सामान घेऊन पुढे गेले. मी मुलांना घेऊन रिक्षापाशी आले. आक्का हातात केरसुणी घेऊन दारात उभी. म्हणाली, "मी मागचं झाडून घेतो, किल्ली मालकाला देतो. तुम्ही व्हा म्होरं." आमच्याकडच्या जुन्या बायका येतो-जातोच म्हणायच्या. मग ती थांबली. रिक्षावाल्यानं निघायची घाई केली तरी ती तशीच उभी होती. ती थांबली आहे हे मला कळलं. मी म्हणाले, "आक्का, किल्ली द्यायला विसरू नका हं." ती म्हणाली, "न्हाय इसरत. जा, मुहूर्त टळंल."

मीठ-हळद घेऊन आम्ही आत गेलो, दूध उतू घातलं, पंगती उठल्या. दुपारी ह्यांनी विचारलं, "आक्का कुठाय?" म्हटलं, मागचं आवरत असतील. संध्याकाळी हे सायकल मारत मंगळवार पेठेत गेले. घरमालक म्हणाले, आक्कांनी दहालाच किल्ली दिली, दस्तगीरच्या डोक्यावर ट्रंक देऊन स्टँडवर गेल्या, मलकापूरच्या गाडीला. अंगणसुद्धा सारवून गेल्या.

हे परत आले ते पायरीवरच बसले. घरात पाहुणे होते, म्हणून हळूच मला विचारलं, "निघताना तू तिला चल म्हणालीस नव्हं?"

मी म्हणाले, "म्हणाले की. कितींदा म्हणाले."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ह्यांच्या तोंडावरचा रंगच उतरला. आपण बांधलेल्या घरात बोलावूनही बहीण आली नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी मलकापूरला जाऊन तिला आणायचं त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी सोडून दिलं. तेही तिचेच भाऊ, त्याच मातीचे. नानाचं कार्ड आलं की आक्का इथं बरी आहे, तिकडं सगळं सामान लागलं का विचारते. ह्यांनी कार्ड वाचून खिळ्याला अडकवलं आणि उत्तर मला लिहायला सांगितलं. सगळं लागलं, असं मी लिहिलं.

स्वयंपाकघर माझं झालं. पहिल्या आठवड्यात मी जिरं शोधत अर्धा तास डबे उघडत होते आणि रडत होते. मुलांनी विचारलं तर म्हटलं, कांदा चिरलाय. पुढच्या महिन्यात जाऊन आणू, दिवाळीला आणू, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. हिंमत झाली नाही, हे एक. आणि स्वयंपाकघराची सवय झाली, हे दुसरं. खोटं कशाला बोलू आता.

तिसऱ्या वर्षी नानाचा निरोप आला, आक्काचं काही खरं नाही, येऊन जा. आम्ही दोघं गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत, गुळाच्या आणि रॉकेलच्या वासात ती पडली होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. आम्हाला बघून उठायला गेली. ह्यांना एवढा हुंदका आला आणि हुंदक्याबरोबर रागही आला. म्हणाले, "आम्ही तुला काय कमी केलं असतं गं? ही तुला एवढं तोंड भरून चल म्हणाली, आणि तू हिला टाकून हिकडं आलीस!"

आक्कानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. मी खाली मान घालून उभी राहिले, आता हिनं एक शब्द बोलावा आणि माझा निकाल लागावा म्हणून.

ती म्हणाली, "व्हय रं बाबा. बोलावलं हुतं की तिनं. हाताला धरून म्हणाली, आक्का, चला म्हणून. माझाच हट्ट नडला."

"ल्हानपणापासनं अशीच हायस तू," हे रडत म्हणाले.

"हाय की," आक्का म्हणाली, "आता कुठं बदलतो?"

हे औषध आणायला बाहेर गेले तेव्हा मी तिच्या पायाशी बसले आणि खरंच तिचा हात धरला. म्हणाले, "आक्का, चला घरी. तुमच्या पाया पडते." ती हसली. म्हणाली, "आता मला हलवायचं म्हंजे चार माणसं लागतील गं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "नळाकडची भित वल धरती का?" मी म्हटलं, नाही, ओल नाही धरत. "मग झ्याक हाय," म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. आठव्या दिवशी ती गेली.

सुतकात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचे, "सुमननं हाताला धरून बोलावलं होतं, पण आमची आक्का भारी हट्टी." पुढेही जन्मभर सांगत राहिले, आणि तेच खरं समजून गेले. ऐकणारे माझ्याकडे बघून म्हणायचे, अशी भावजय मिळायला नशीब लागतं. मी पदरानं डोळे पुसायचे, आणि लोकांना ते आणखीच खरं वाटायचं.