बंड संपवायचं कसं

महाडला एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा संगणक वर्ग होता. सकाळी एम.आय.डी.सी.त रात्रपाळी करून आलेली पोरं जांभया देत टायपिंग शिकायची, दुपारी कॉलेजच्या मुली यायच्या, आणि उरलेल्या वेळात मी आणि माझा मित्र एक राज्य चालवायचो. राज्य म्हणजे संगणकावरचा खेळ. आम्हीच बनवत होतो. प्रोग्राम मी लिहायचो आणि चित्रं तो काढायचा. त्याच्या घरचा टेम्पोचा धंदा होता, भाऊ सौदीत होता, आणि खरं तर त्यानेही तिकडेच जावं असं घरच्यांचं म्हणणं होतं. तो मात्र माझ्या वर्गात बसून माऊसने किल्ल्याचे बुरूज रंगवायचा.

आमच्या खेळात राजाने गावं सांभाळायची, कर घ्यायचा, धान्य साठवायचं आणि शत्रूशी लढायचं. पण नुसत्या बाहेरच्या शत्रूला पोरं लवकर कंटाळली. मित्र म्हणाला, "घरातनं उठू दे ना कोणीतरी. बंड होऊ दे." तिथून आमची खरी डोकेफोड सुरू झाली.

आधी मी सोपा हिशोब घातला. कर वाढला की गावाची नाराजी वाढते, नाराजी फार झाली की गाव उठतं. पोरांनी ते एका बैठकीत ओळखलं. कर कमी ठेवायचे आणि निवांत राज्य करायचं. मग मी मधूनच, काही कारण नसताना, बंड घडवायला लागलो. तेव्हा रात्रपाळीवाला एक जण खुर्ची मागे सारून म्हणाला, "सर, ह्यो चावटपणा हाय. मी काय केलं त्यांचं?"

त्याचं बरोबर होतं. लोक कारणाशिवाय उठत नाहीत. आणि ते कारण नेहमी कर नसतं, हे मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, कारण माझ्या स्वतःच्या गावात बंड होऊन गेलं होतं.

आमचं गाव पोलादपूरच्या वाटेवर, डोंगराच्या पोटाशी. खालची वाडी आणि वरची वाडी. गावकी एकच. गावकी म्हणजे गावाचं घरचं सरकार. सण, पालखी, लग्नातली मदत, तंटे, सगळं तिथं ठरतं. माझे वडील त्या गावकीचे प्रमुख होते. एका शिमग्याला त्यांनी पालखी नव्या सडकेने न्यायचं ठरवलं, कारण जुनी पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, घसरडी झाली होती. नव्या सडकेने वरची वाडी आधी न येता शेवटी येत होती. वरच्या वाडीत माझा काका राहायचा, वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ. पालखी पहिल्यांदा त्याच्या अंगणात टेकायची, हा त्यांचा मान. काका होळीसमोर एवढंच म्हणाला, "मग तुमची पालखी तुम्हालाच लखलाभ," आणि वर निघून गेला. त्याच्या मागोमाग वरची सगळी वाडी गेली. पुढच्या शिमग्याला गावात दोन होळ्या पेटल्या.

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो माऊस सोडून माझ्याकडे वळला. "अरे, मग घाल ना हे! मान घाल."

मी प्रत्येक गावाला नाराजीच्या शेजारी मान दिला. राजाने एका गावाला विहीर बांधून दिली, की शेजारच्या गावाचा मान आपोआप उतरायचा. धान्य भरपूर, कर नाममात्र, आणि तरी गाव उठायचं. पोरं चिडली, पण आता खुर्ची सारून कोणी उठलं नाही. ती पडद्यावरच्या गावांकडे बघून "ह्यांना काय दुखलं असेल?" असं एकमेकांना विचारायला लागली. मला फार आनंद झाला. त्या आनंदाची टोचणीही लागली. माझ्या घरचं दुखणं मी खेळात घालून त्यावर वाहवा मिळवत होतो. राजाचं चित्र काढताना मित्राने विचारलं, "कसा दिसतो?" तर मी नकळत वडिलांसारखं सांगून बसलो. मिशा, पांढरी टोपी, हनुवटी जरा वर. बंडखोर आपोआप काकासारखा झाला.

पुढचा प्रश्न फाळणीचा होता. राज्य फुटलं की कोणाकडे काय जातं? मी म्हटलं, अर्धं अर्धं. मित्र हसायला लागला. "तुमच्या भांड्यांसारखं?"

गावकी फुटली तेव्हा लग्नाची सामाईक भांडीही वाटायची होती. नगावर जमेना. एक म्हणे तुमचे टोप मोठे, दुसरा म्हणे तुमच्या पराती जाड. शेवटी कोणीतरी तराजू आणला आणि वजनावर वाटणी केली. अगदी चोख, दोन्ही बाजू समाधानी. घरी नेल्यावर लक्षात आलं, सगळे टोप खाली आलेत आणि सगळी झाकणं, डाव, पराती वर गेल्यात. चूक मान्य करायची तर आधी कोणी बोलायचं? कोणीच बोललं नाही. तेव्हापासून खाली लग्न निघालं की मित्राच्या वडिलांचा टेम्पो वरच्या वाडीतून झाकणं भरायचा, हायवेला उतरायचा, वळायचा आणि "महाडहून" म्हणून खालच्या वाडीत यायचा. वर लग्न असलं की टोपांचाही तसाच प्रवास व्हायचा. सगळ्यांना माहीत होतं. टेम्पोवाल्यांना दोन्हीकडे चहा मिळायचा.

ते आम्ही जसंच्या तसं घेतलं. यादवी झाली की एका बाजूला किल्ले जायचे आणि दुसऱ्या बाजूला दारूगोळा. मधलं व्यापारी बंदर दोघांचंही काम करायचं. खेळ एकदम जिवंत झाला. फक्त संपेना. बंडखोराला पुरता मारल्याशिवाय, नाहीतर राजाने पुरतं हरल्याशिवाय, तो संपायचाच नाही. आणि असं संपलं की उरलेलं राज्य कोणालाच नको असायचं. तह घालून पाहिला. पोरं तह करायची आणि पुढच्याच डावात मोडायची.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगी पोलादपूरच्या पलीकडच्या गावची. आमच्याकडे लग्न नवऱ्या मुलाच्या दारी लागतं. वऱ्हाड नवरीकडून येतं. मला एकच हवं होतं, मांडवात काका हवा. लहानपणी सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात मला खांद्यावर घेऊन उतरणारा काका. तो वर बसून खालच्या वाजंत्र्याचा आवाज ऐकणार, ह्या विचाराने मला जेवण जाईना.

वडिलांना विचारलं. ते सुपारी कातरत होते. "आवतण गावकीत फिरतं. तो आपल्या गावकीत हाय?"

"बाबा, सख्खा काका आहे."

"मी कुठं नाय म्हनतो? त्याने खाली यावं, चार मानसांत म्हनावं, चुकलं. लगेच आवतण."

काका बाजाराला महाडला यायचा आणि एस. टी.ची वाट बघत माझ्या वर्गात टेकायचा. हे मी वडिलांना कधी सांगितलं नव्हतं. माझ्या अनेक टोचण्यांत तीही एक होती. तो मागच्या बाकावर बसून पोरांचा खेळ बघायचा. एक दिवस त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कोन रे, पागोट्यावाला?"

"बंडखोर," मी पुटपुटलो.

"जितंल?"

"खेळणाऱ्यावर आहे, काका."

"मग सरक."

तेव्हापासून काका दर बाजाराला बंडखोराच्या बाजूने खेळायला लागला. माऊस त्याला कोयत्यासारखा धरायची सवय लागली. राजाचे किल्ले एकेक करून त्याने घेतले. पोरं मागे उभी राहून ओरडायची. अखेर त्याने राजधानी घेतली, राजा पडद्यावरून नाहीसा झाला आणि सगळा मुलूख एका रंगाचा झाला. काकाने माऊस त्या रंगावरून इकडून तिकडे फिरवला.

"आता?"

"संपलं. तुम्ही जिंकलात."

"येवढ्या मोठ्या मुलखात मी येकलाच काय करू? त्याला परत उभा कर बघू."

"तसं येत नाही करता."

"मग काय बनवलंस रे येवढे दिवस?" म्हणून काका पिशवी उचलून एस. टी.ला गेला.

मी मित्राकडे बघितलं. तो म्हणाला, "तुझ्या लग्नाचं विचारलंस त्यांना?"

विचारलं होतं. काकाचं उत्तर वडिलांच्या उत्तराच्याच मापाचं होतं. "आवतण आलं तर येन. आवतणाशिवाय भावाच्या मांडवात काय भिकारी म्हनून येऊ?"

आम्ही खेळाचा नकाशा उघडून बसलो. गावागावांत सोयरिकीच्या रेषा होत्या. कोणतं गाव फुटल्यावर कोणाच्या मागे जाईल हे ठरवायला त्या आम्ही घातल्या होत्या. मित्र कंटाळून एका रेषेवरून माऊस फिरवत होता. राजधानीतून बंडखोराकडे सरळ जाणारी रेषा तुटलेली. पण तिसऱ्या एका गावातून दोघांकडेही रेषा जात होती. तो थांबला.

"तुझ्या काकीचं माहेर कुठलं?"

मी गाव सांगितलं आणि सांगता सांगताच मला कळलं. काकी माझ्या होणाऱ्या बायकोच्याच गावची होती. नातं लांबचं, म्हणून ते कोणी मोजलं नव्हतं. पण माझा काका त्या गावचा जावई होता.

"मग त्यांच्या वऱ्हाडात येऊ देत," मित्र म्हणाला. "गावकी काय करणार? ते तुमचे नाहीतच. नवरीकडचे आहेत."

नवऱ्या मुलाने स्वतः सासुरवाडीला जाऊन हे सांगणं बरं दिसलं नसतं. मित्रच टेम्पो घेऊन गेला. परत आला तो हसत. माझे सासरे म्हणाले होते, "आमच्या जावयाला आम्ही घेऊन येणार नाय तर कोन घेऊन येणार? विचारतोस काय!" काकाचा होकारही तो घेऊन आला होता. वडिलांना आम्ही काही सांगितलं नाही. ते चारचौघांत तोंड फिरवतील आणि त्याला जबाबदार मी असेन, असं सारखं वाटत होतं.

वऱ्हाड आलं. नवरीकडच्या मानाच्या माणसांना मुलाच्या बापाने मांडवाच्या तोंडाशी घ्यायचं, टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, हा आमचा रिवाज. वडील उभे होते. माझा थोरला मामेभाऊ ताट धरून होता. सासरे झाले, त्यांचे भाऊ झाले. सासऱ्यांनी मोठ्याने सांगितलं, "आनि हे आमचे जावई."

काका पुढे आला. नवं धोतर, मान ताठ. वडिलांचा हात ताटावर थांबला. वाजंत्री वाजत होती. खालच्या गावकीची सगळी माणसं बघत होती. जावयाला टोपी न घालणं म्हणजे वऱ्हाडाचा अपमान, आणि तो आमच्या दारात कोणी करू शकत नव्हतं.

वडिलांनी टोपी उचलली आणि काकाच्या डोक्यावर ठेवली. ती थोडी वाकडी बसली. त्यांनी ती सरळ केली.

"प्रवास बरा झाला ना?" त्यांनी विचारलं. प्रवास कसला, वरच्या वाडीतून खाली.

"झाला," काका म्हणाला. "वळसा पडला जरा."

मागून कोणीतरी फसकन हसलं, मग सगळाच मांडव हसला. जेवताना वडिलांनी रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना स्वतः वाढलं. काकाच्या पानावर ते दोनदा आले.

गावकी एक झाली नाही. होळ्या दोनच राहिल्या. पण व्याह्यांकडचा जावई म्हणून काका आमच्या घरी आला, आणि एकदा आला तो येतच राहिला.

मी खेळात नवा नियम लिहिला. बंडखोर तिसऱ्या राज्याचा पाहुणा म्हणून राजधानीत येऊ शकतो. राजाला त्याचा मान करावाच लागतो, आणि मान झाला की लढाई थांबते. कोणी चुकलं म्हणत नाही, कोणी हरत नाही, मुलूख दोन रंगांचाच राहतो. पोरांना तो फार आवडला. काकाने मात्र पहिल्याच दिवशी पाहुणा म्हणून आत शिरून, मान घेऊन, लगेच आतूनच बंड केलं. मी म्हटलं, "काका, हे बरं नाही." तो म्हणाला, "तूच दार उघडं ठेवलंस."

एका बाजाराला वडील वर्गाच्या दारात उभे राहिले. ते कधी इथे येत नसत. काकाला शोधत आले होते. दोघांना मिळून बैल बघायला जायचं होतं.

"झालं का रे तुझं?"

"थांब दादा. तुझी राजधानी घेतो नि येतो."

वडील आत आले, स्टुलावर बसले आणि पडद्यावरच्या मिशांकडे, पांढऱ्या टोपीकडे बघत राहिले. इतके दिवस जे लपवलं होतं ते समोर होतं.

"ह्यो मी?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबा."

"आनि कर येवढा कशाला लावलास लोकांना?" ते चिडून म्हणाले. "कमी कर आधी."

मी खुर्ची पुढे ओढली आणि कर निम्म्यावर आणला.

"ए, मधेच नाय हां!" काका ओरडला. "हे चालनार नाय!"